तिने जोडलेला थरथऱ्या

बायको गेल्याचं कळलं त्या दिवशी सकाळीच तिने जोडलेलं टूल रिगवर येऊन पोचलं होतं. क्रेनने ते ट्रकमधून उचललं, विहिरीच्या तोंडावर लटकवलं आणि ब्रेकमास्तर त्याच्या आट्यांवरून बोट फिरवून ग्रीस नीट लागलंय का ते बघत होता. तेवढ्यात केबिनमधला फोन वाजला. पलीकडे मेव्हणी होती. ती आणि तिची ताई, म्हणजे ब्रेकमास्तरची बायको, एकाच टूल-शॉपमध्ये शेजारशेजारच्या बाकांवर काम करायच्या.

"भावोजी, आधी बसा तुम्ही," मेव्हणी म्हणाली.

"उभाच बरा आहे. बोल."

"ताई बाकावरच कोसळली. डोक्यात रक्तस्राव झाला म्हणतात. दवाखान्यात नेलं, पण हाताला काही लागलं नाही."

तो म्हणाला, "बरं." मग त्याने बदली ड्रिलरला हाक मारली, ब्रेकचा दांडा त्याच्या हातात दिला, हातमोजे खुंटीला अडकवले आणि जिना उतरून गेला. त्याच्या पाठीमागे ते टूल विहिरीत उतरलं.

ब्रेकमास्तर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो रिगवरचा ड्रिलर. जमिनीच्या पोटात खोलवर तापलेलं पाणी असतं, ते वर आणायला विहीर पाडायची, हे त्यांचं काम. सगळी पाळी त्याचा हात ब्रेकच्या दांड्यावर, म्हणून पोरांनी नाव पाडलं ते चिकटलं. घरी जेवतानाही त्याचा डावा हात टेबलाच्या कडेला घट्ट धरलेला असायचा. बायको म्हणायची, "सोडा तो हात. घर कुठे खाली जात नाही."

या कामाची गंमत अशी की ज्या जागी काम चालतं तिथे कोणी कधी जात नाही. खाली जातो तो पाइपला पाइप जोडून केलेला लांबच लांब दांडा. त्याच्या टोकाला दगड खाणारं बिट. बिटच्या वर एक मोटर. ही मोटर विजेवर चालत नाही. वरून पंपाने पाइपातून मड सोडायचा, म्हणजे माती आणि औषधं कालवलेलं दाटसर पाणी. त्याच्या धारेने मोटर फिरते, मोटर बिटला फिरवते, आणि फुटलेला चुरा घेऊन तोच मड पाइपाच्या बाहेरून वर येतो. मोटरच्या वर आणखी एक टूल बसवतात. त्यात एक झडप असते. धार तिच्यातून जायला लागली की ती उघडझाप करते आणि सगळा पाइप थरथरवत ठेवते, म्हणजे तो विहिरीच्या भिंतीला चिकटत नाही. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव आहे. रिगवर त्याला थरथऱ्या म्हणतात.

खाली ना वायर जाते ना बटण. जे काय सांगायचं ते धारेने सांगायचं, पंप वाढवून नाही तर कमी करून. खालून उत्तर येतं तेही दाबाच्या काट्यात, किंवा ब्रेकच्या दांड्यातून हाताला. नेहमीचा थरथऱ्या झोपाळू असतो. पंप हळू असेल तर ढिम्म हलत नाही. पंप जोरात केला की जागा होतो.

असे थरथरे जोडायचं काम बायको वर्षानुवर्षं करत आली होती. टेस्टिंग शेडच्या आवाजात तिचे कान हळूहळू गेले. आधी फोन गेला, मग दारावरची घंटा, मग माणसांचं बोलणं. तिने फार बाऊ केला नाही. बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघून ती समजून घ्यायची. टूल चालतंय की नाही हे कळायला तिने हातोडीचा एक सुटा दांडा ठेवला होता. त्याचं एक टोक टूलच्या अंगाला टेकवायचं आणि दुसरं दातांत धरायचं. बाकीचे कानाला मशीन लावून जे ऐकायचे ते ती दातांनी ऐकायची. नवीन माणूस हसला की म्हणायची, "हस, पण तोंड नीट उघडून हस. मला काय म्हणालास ते कळलं पाहिजे."

ब्रेकमास्तरला ओरडून बोलायची सवय. रिगवर दुसरं बोलणंच नसतं. बायकोला ऐकू येईना झालं तसा तो घरातही ओरडायला लागला. ती हाताने थांबवायची. "ओरडू नका हो. ओरडलात की तुमचं तोंड फाकतं, मग एक अक्षर वाचता येत नाही. हळू बोला, सगळं कळतं मला." तो दोन वाक्यं हळू बोलायचा आणि तिसऱ्याला परत गाडी मूळ पदावर.

सगळं आटोपल्यावर घर त्याच्या अंगावर यायला लागलं. खुर्च्यांच्या पायांचे रबर बायकोने कधीच काढून टाकले होते. कोणी खुर्ची सरकवली की फरशीतून तिच्या तळपायाला कळायचं आणि ती मागे वळून बघायची. आता तो खुर्ची सरकवायचा तेव्हा फरशीवर करकर असा आवाज व्हायचा, आणि वळून बघायला कोणी नव्हतं. मेव्हणी डबा घेऊन यायची. म्हणाली, "रबर आणून बसवू का?"

"नको," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "शेवटी काय जोडत होती ती?"

"तेच. तुमच्याकडे आलं ते. आदल्या दिवशी पूर्ण केलं, सकाळी ट्रकवर चढवलं, आणि मग..." मेव्हणीने डबा उघडून ठेवला. "पण त्यात काहीतरी वेगळं केलंय ताईनं. झडपेची बाही, ती भोवतीची नळी, तीनदा काढली नि घातली. स्प्रिंगाही नेहमीच्या नव्हत्या, मऊ होत्या. मी विचारलं, हे काय चाललंय? तर गालात हसली."

"काय म्हणाली?"

"दुसरं काय म्हणणार? आधी चालू तर दे, मग सांगते."

हे तिचं ठरलेलं वाक्य होतं. शिजत असलेल्या भांड्याचं झाकणसुद्धा ती कोणाला उघडू द्यायची नाही. चालायला लागेपर्यंत कशाचाही पत्ता लागू द्यायची नाही, आणि चालायला लागलं की इतकं सांगायची की समोरचा हात जोडायचा. या वेळी सांगायचं राहून गेलं. ब्रेकमास्तरच्या डोक्यात तो किडा शिरला तो शिरलाच. काय केलं असेल तिने त्या टूलमध्ये? आणि का? ते टूल वर यावं, शॉपमध्ये शिकंज्यात धरावं, आटे सोडवावेत आणि आत काय आहे ते आपल्या डोळ्यांनी बघावं, एवढं एकच त्याला हवं होतं. रजा बाकी होती, तरी तो कामावर हजर झाला.

रिगवर चित्र बरं नव्हतं. बिट भेगाळलेल्या दगडात आणखी खोल शिरलं होतं. असा दगड मड पितो. पंप जोरात केला की धार भेगांमधून निघून जाते आणि वर काही येत नाही. पंप कमी केला की मड राहतो, पण पाइप भिंतीला चिकटायला बघतो.

"आणि तुझ्या बायकोचा थरथऱ्या," पंपकाका म्हणाले, "मेलेला आहे." पंपकाका पंपावरचे सगळ्यात जुने. त्यांचा रिगवरच्या कोणत्याच यंत्रावर विश्वास नव्हता, स्वतःच्या पंपावरही नाही. बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. "म्हणजे टूल रे. टूल म्हणतोय मी."

"कळलं, काका. चालतच नाही?"

"पंप फुल करून बघितला. काटा हूं की चूं करत नाही."

"उतरवायच्या आधी तोंडावर चालवून बघितला नव्हता?"

बदली ड्रिलर बाजूलाच उभा होता. तो म्हणाला, "बघितला की. पंप चालू केला तशी जरा थरथरलं, मग गप्प झालं. मला वाटलं, हवा अडकली असेल. उतरवलं."

हे ऐकून ब्रेकमास्तरला काहीतरी खटकलं, पण काय ते सांगता येईना. आणि विचार करत बसायला फुरसतही मिळाली नाही, कारण दुसऱ्याच दिवशी पाइप अडकला. वर येईना, खाली जाईना. ओढून बघितला, सैल सोडून बघितला, झटके देऊन बघितले. पाइप कशालाच दाद देईना. सगळे एकच करत होते, पंप वाढवत होते. थरथऱ्या जागा व्हावा म्हणून आणखी वाढवत होते. विहीर मड पीत होती आणि टाक्या रिकाम्या होत होत्या.

विहिरीची सगळी जबाबदारी इंजिनिअरबाईंवर होती. वयाने लहान, बोलायला सरळ, आणि न कळलेलं कळलं म्हणून सांगायची सवय नसलेल्या. त्यांनी ब्रेकमास्तरला केबिनमध्ये बोलावून घेतलं.

"मास्तर, तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको म्हणून मीच सांगते. उद्या दुपारी पाइप कापणारी गाडी येतेय. टूलच्या वर पाइप कापायचा, खालचं सोडून द्यायचं, वर सिमेंट ओतायचं आणि बाजूने वळून पुढे जायचं."

"म्हणजे थरथऱ्या तिथेच."

"हो. मोटर, बिट, सगळंच."

ब्रेकमास्तरने हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं. मग म्हणाला, "बाई, ते टूल माझ्या बायकोनं जोडलेलं शेवटचं आहे."

"माहीत आहे मला."

"रडगाणं गात नाहीये मी. तिनं त्यात काहीतरी वेगळं केलंय. काय केलंय ते मला बघायचंय. सिमेंटखाली गेलं तर ते कोणालाच कळणार नाही."

इंजिनिअरबाईंनी खुर्ची त्याच्याकडे सरकवली. "बसा. काय वेगळं केलंय?"

त्याने मेव्हणीने सांगितलेलं सगळं सांगितलं. बाही तीनदा काढून घातली, स्प्रिंगा मऊ. बाईंनी पेन्सिल घेतली आणि कागदावर झडप काढली. स्प्रिंग मऊ असेल तर झडप लवकर ढकलली जाईल, मग उलट थरथऱ्या लवकर जागा व्हायला हवा. मग तो मेलेला कसा? त्यांनी कागद उलटा धरून बघितला. हळूहळू त्यांनाही त्याची गोडी लागली.

"एक गंमत दाखवते," त्या म्हणाल्या. पडद्यावर दाबाची रेघ होती. "आपण पंप बंद करतो तेव्हा रेघ उतरते ना, ती उतरताना एका जागी अशी केसाळ होते. क्षणभरच. मी म्हणत होते, पंपकाकांच्या पंपाचा खडखडाट असेल."

"आणि चढताना?"

त्यांनी मागची रेघ मोठी करून बघितली. मग त्याच्याही मागची. "चढतानाही आहे. त्याच जागी."

पंप चालू केला तशी जरा थरथरलं, मग गप्प झालं. बदली ड्रिलरचं वाक्य त्याला आठवलं. आणि त्याच्या पाठोपाठ आठवली एका जेवणाची वेळ. ती जाण्याच्या थोडेच दिवस आधीची. तो विहिरीवरून वैतागून घरी आला होता आणि घास हातात धरून ओरडत होता, "वाढवला की पिते, कमी केला की चिकटतो! माणसानं करायचं काय?" बायको त्याच्या तोंडाकडे बघत होती. म्हणाली, "हळू सांगा. काय चिकटतं?" त्याने हळू सांगितलं. तिने नुसती मान हलवली आणि ताटातली भाजी संपवली. त्याला वाटलं होतं, तिला काही कळलं नाही.

"बाई," तो म्हणाला, "उलटं केलंय तिनं."

"काय उलटं?"

"पंप जोरात असताना थरथऱ्या बाजूला होतो, सगळी धार मोटरला. पंप हळू केला की मग हा जागा. आपण पंप कमी करतो तेव्हाच तर पाइप चिकटतो ना? तेव्हाच कामाला यावा म्हणून. आणि आपण मात्र जागं करायला नरडं फोडतोय."

बाईंनी कागदावरची झडप बघितली, बाही खालून वर अशी पलटवून काढली, पेन्सिलने धार कुठून जाईल ते गिरवलं. "होऊ शकतं," त्या म्हणाल्या. "असं जोडलेलं मी कुठे बघितलेलं नाही. पण होऊ शकतं." मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "पण मास्तर, अडकलेल्या पाइपवर पंप हळू ठेवायचा म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको. चुरा वर येणार नाही, पाइपभोवती बसत जाईल. आणि खाली भट्टी आहे. धार कमी झाली की मोटरच्या आतलं रबर शिजेल. चुकलो तर आहे त्याहून घट्ट गाडला जाईल तो. मग कापायचा तरी कुठून, ते कळणार नाही."

"खरं आहे."

"तुमची खात्री आहे?"

"टूलची नाही," तो म्हणाला. "पण ती उगाच काही तीनदा काढून घालणारी नव्हती."

बाई पडद्यावरच्या केसाळ जागेकडे बघत राहिल्या. "मलाही बघायचंय," त्या शेवटी म्हणाल्या. "सकाळी गाडी यायच्या आत एकदा. एकदाच."

सकाळी पंपकाकांना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. "अडकलाय, म्हणून पंप कमी करा! उद्या म्हणाल, आग लागलीय, म्हणून पाणी बंद करा."

"काका, तुम्ही फक्त मी बोट दाखवीन तसा कमी करत या. एकदम नको. चुलीवरचं दूध उतू जायला लागल्यावर करतो तसा."

"दूध आमच्या घरी ही बघते," पंपकाका पुटपुटले, पण जाऊन पंपाशी उभे राहिले.

ब्रेकमास्तरने दांडा धरला. पाइपवर बेताचा ताण ठेवला, ओढ जास्त नाही, सैलही नाही. बोट खाली केलं. पंपाचा आवाज उतरला. दाबाचा काटा उतरला. काही नाही. आणखी बोट खाली. काही नाही. खाली अंधारात चुरा बसायला लागला असेल, हा विचार त्याच्या मनात आला. इंजिनिअरबाई काट्याकडे डोळे लावून उभ्या होत्या. त्यांनी हात वर करायला घेतला, बस म्हणून.

तेवढ्यात काटा जाड दिसायला लागला. एका काट्याचे दोन-तीन काटे झाल्यासारखे दिसले. मग दांड्यातून त्याच्या तळव्यात काहीतरी आलं. मांजर मांडीवर बसून घुरघुरते, तेवढंच.

"धरा, काका! तिथेच धरा," तो ओरडला. मग त्याचं त्यालाच काय वाटलं, त्याने आवाज खाली आणला आणि तोंड नीट उघडून, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "तिथेच. धरून. ठेवा."

पंपाच्या आवाजात काकांना ऐकू आलं नसणार, पण त्यांनी ओठ बघितले आणि मान हलवली.

थरथर वाढत गेली. पायाखालची जाळी गुणगुणायला लागली. पाण्याच्या बाटलीतलं पाणी शहारलं. आता ब्रेकमास्तरला राहवेना. त्याने बोटाने पंप जरासा वाढवायला सांगितलं. थरथर गेली. परत कमी केला, आली. जरासा आणखी कमी केला, परत गेली. म्हणजे तिला एवढीच जागा लागते, इथून इथपर्यंत. तो विचारत होता आणि खालून उत्तर येत होतं. इंजिनिअरबाई हसायला लागल्या. "मास्तर, खेळ पुरे. चुरा बसतोय."

त्याने थरथर परत जागेवर आणली, ताण जरा वाढवला आणि वाट बघितली. पाइप सुटला तो काही मोठा धडाका करून नाही. वजनाचा काटा हळूच खाली आला, आणि दांडा सैल झाला. दाराची कडी लागलीय असं वाटत असावं आणि दार नुसतं ढकललं की उघडावं, तसं. त्याने पाइप वर घेतला. पाइप आला. मग पंप फुल करून चुरा बाहेर काढला, परत हळू करून वर घेतला, परत फुल. पंपकाका जिन्यातून डोकं वर काढून म्हणाले, "मेला नव्हता तर."

"टूल म्हणताय ना, काका?"

"टूलच रे," काका म्हणाले आणि घाईने पंपाकडे निघून गेले.

पाइप कापणारी गाडी आली तशी परत गेली. सगळा पाइप बाहेर काढायला वेळ लागला. शेवटी थरथऱ्या वर आला तेव्हा अंगाने तापलेला होता. रंग दगडाने घासून गेलेला, पण आटे शाबूत. पोरांनी तो पाण्याने धुतला. ब्रेकमास्तरने त्याच्यावर हात ठेवला, चटका बसला तरी थोडा वेळ काढला नाही.

त्याने आदल्या दिवशीच मेव्हणीला फोन करून ठेवला होता. ती शॉपच्या गाडीतून आली. टूल उघडायची मोठी साखळीची पकड बरोबर होती, आणि कापडात गुंडाळलेला हातोडीचा दांडा. "ताईच्या बाकावर होता. तुमच्याकडेच असू दे." दांड्याच्या टोकाला दातांचे बारीक खळगे पडले होते.

इंजिनिअरबाई रिगच्या मजल्यावर आल्या तेव्हा पकड टूलभोवती बसवून झाली होती. त्यांनी पकडीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मास्तर, भेगांचा दगड अजून निम्माही झालेला नाही."

ब्रेकमास्तरने पकडीची साखळी ओढून बघितली.

"दुसरे थरथरे आहेत आपल्याकडे. सगळे पंप जोरात मागणारे. इथे त्यांचा उपयोग नाही, हे आता कळलं. इथे चालेल असा हा एकच." त्या मेव्हणीकडे वळल्या. "उघडून, बघून, परत तसाच जोडता येईल?"

मेव्हणीने दोघांकडे बघितलं. "उघडायला काही नाही. नवीन सील घालावे लागतील. स्प्रिंगा बसून गेलेल्या असतील, त्या सुटल्या की जागा बदलतात. ताईनं त्या किती दाबून बसवल्यात, बाही किती फिरवलीय, ते आकडे तिच्या हातात होते. मी जोडेन, भावोजी. पण तसाच चालेल, याची खात्री मी देणार नाही."

"अंदाजे तरी?"

"अंदाजे चालला असता तर तिनं तीनदा कशाला काढला असता?"

"मी हुकूम सोडत नाही," इंजिनिअरबाई म्हणाल्या. "उघडायचा म्हणालात तर उघडा. शॉपला दुसरा असाच करायला सांगू, तोवर विहीर थांबेल. वरच्यांना काय सांगायचं ते मी बघून घेईन."

पकडीचा लांब दांडा ब्रेकमास्तरच्या हाताशी होता. एक जोर लावायचा अवकाश. आतली बाही, मऊ स्प्रिंगा, काय कशावर ठेवलंय, सगळं समोर आलं असतं. त्याला ते फार हवं होतं. या इतक्या दिवसांत दुसरं काहीच हवं वाटलं नव्हतं. तो टूलकडे बघत राहिला. आधी चालू तर दे, मग सांगते. चालू झालं होतं खरं, पण तिने हे ज्याच्यासाठी केलं होतं, ते काम तर अजून खाली पडलं होतं.

"पकड काढ," तो मेव्हणीला म्हणाला.

"नक्की?"

"काढ. आणि बाजूला उभी राहा, तोंडावर चालवून बघायचाय. या वेळी नीट."

थरथऱ्या परत विहिरीच्या तोंडावर लटकवला. पंपकाकांनी कोणी न सांगता पंप हळू लावला. टूल थरथरलं. ब्रेकमास्तरने हातोडीच्या दांड्याचं एक टोक त्याच्या अंगाला टेकवलं आणि दुसरं दातांत धरलं. असं त्याने आजवर कधी केलं नव्हतं. त्याचे दात तिच्या खळग्यांत बसेनात, तिचा जबडा लहान होता. त्याने दांडा जरा सरकवून धरला. मग डोक्याच्या कवटीत एकदम आवाज भरला, जाड, एकसारखा, आणि त्याच्या आत आणखी एक बारीक टिकटिक. ही टिकटिक कसली? बाहीची की स्प्रिंगांची? का आणखी काही घालून ठेवलंय तिने?

"काय ऐकू येतंय?" मेव्हणीने विचारलं.

त्याने दांडा तोंडातून काढला. "दोन आवाज आहेत. एक कळला."

पाइप जोडून तो खाली सोडायला लागला. डावा हात ब्रेकच्या दांड्यावर होता. तेव्हापासून विहीर बरीच खाली गेली आहे. पंप जोरात असला की मोटर दगड खाते, हळू केला की थरथऱ्या बोलतो, आणि पाइप परत कधी अडकला नाही. शॉपमध्ये मेव्हणीने त्याच्यासारखा दुसरा जोडून बघितला, तो चालला नाही. घरी खुर्च्यांना रबर बसवलेले नाहीत. आणि थरथऱ्या अजून उघडायचा राहिला आहे.